आडगावातलं करिअर

टोरोंटोच्या आसपास राहणाऱ्या मराठी लोकांच्या कुठल्याही गेट-टुगेदरला जा, पावभाजीची दुसरी प्लेट संपेपर्यंत विषय घरांच्या किमतींवर येतोच. मग कोणीतरी म्हणतं, बास झालं आता, सरळ एखाद्या छोट्या गावात जाऊया, लेकच्या काठी घर घेऊ, लॅपटॉप आहेच, स्टारलिंकचं इंटरनेट लावू, अजून काय लागतं. दोघं-तिघं खरंच तिथल्या तिथे फोन काढून नोव्हा स्कोशियातली घरं बघायला लागतात, "अरे हे बघ, एवढ्यात आपल्याकडे पार्किंगसुद्धा येणार नाही" वगैरे, आणि मग कोणाची तरी बायको शांतपणे विचारते की फॅमिली डॉक्टर मिळतो का तिथे, आणि विषय तिथेच बसतो.

माझं या लॅपटॉपवाल्या स्वप्नाशी भांडण नाहीये. पण लॅपटॉप घेऊन जो जातो तो राहायला गावात जातो, त्याचं करिअर मात्र शहरातच असतं. मीटिंग टोरोंटोची, पगार टोरोंटोचा, बॉसपण तिथलाच. गावाने त्याला फक्त एक स्वस्त खिडकी दिलेली असते, आणि उद्या कंपनीने ऑफिसला बोलावलं की तो निघाला. मला कुतूहल आहे ते वेगळ्याच लोकांचं. ज्यांनी गावात राहून काहीतरी असं उभं केलं की ते दुसरीकडे झालंच नसतं, किंवा झालं असतं तर वेगळंच काहीतरी झालं असतं. कॅनडात अशी माणसं बरीच आहेत आणि गंमत म्हणजे यातल्या काहींचा माल आपण भारतात असताना खाल्लेला पण आहे, आपल्याला गावाचं नाव माहीत नव्हतं इतकंच.

सुरुवात आमच्या शेजारापासून करते. आम्ही किचनरला राहतो, तिथून पाऊण तासावर स्ट्रॅटफर्ड. वस्ती तीस-पस्तीस हजार. नाव शेक्सपिअरच्या गावाचं, नदीचं नाव एव्हन, नदीत हंस, सगळं कसं इंग्लंडची आठवण काढत बसलेलं. पण एके काळी हे गाव जगत होतं रेल्वेवर. वाफेची इंजिनं दुरुस्त करायचं मोठं वर्कशॉप इथे होतं आणि अर्धं गाव त्यात कामाला. मग डिझेल इंजिनं आली, आणि पुढे काय होणार ते सगळ्यांना दिसायला लागलं. अशा वेळी टॉम पॅटरसन नावाचा गावातलाच एक पत्रकार, ज्याला नाटकाचा काडीचा अनुभव नव्हता, उठून म्हणाला की आपण इथे शेक्सपिअरचा महोत्सव करूया. म्हणजे विचार करा, परळच्या रेल्वे वर्कशॉपसमोर उभं राहून कोणी सांगितलं असतं की काळजी करू नका, आपण संगीत नाटकं करू.

तर हा पॅटरसन नगरपालिकेकडे गेला, न्यूयॉर्कला जाऊन लॉरेन्स ऑलिव्हिए या इंग्लंडच्या मोठ्या नटाला भेटायचंय म्हणाला, खर्चाला शंभर डॉलर द्या. नगरपालिकेने सव्वाशे दिले! मला या सगळ्या गोष्टीत हाच आकडा सगळ्यात आवडतो. ऑलिव्हिए काही जमला नाही, पण टायरोन गथ्री हा मोठा दिग्दर्शक तयार झाला, अ‍ॅलेक गिनेससारखा नट आला, आणि 13 जुलै 1953 ला एका प्रचंड तंबूत पहिला प्रयोग झाला. मधे पैसे संपले, पण गावातल्या कंत्राटदाराने काम थांबवलं नाही. पुरेशी हॉटेलं नव्हती म्हणून लोकांनी आपल्या घरातल्या खोल्या दिल्या. 1957 मध्ये तंबूच्या जागी पक्कं थिएटर झालं, आणि आज तिथे दर वर्षी लाखो प्रेक्षक येतात.

पण नाटकवाले बाहेरून आले, गावाला काय मिळालं असं विचारणारे असतात, त्यांना मी तिथल्या कॉस्च्युम वेअरहाऊसची टूर घ्यायला सांगते. रांगाच्या रांगा लटकवलेले झगे, मापाप्रमाणे लावलेले बूट, मुकुट, तलवारी. आणि ते सगळं करणारी माणसं, म्हणजे चांभारकाम करणारा, केसाचा टोप विणणारी, कापड रंगवणारी, हे सगळे त्या गावात घर घेऊन, मुलं शाळेत घालून राहतात. टोप विणून घराचे हप्ते फेडणारी माणसं मी दुसरीकडे कुठे बघितलेली नाहीत. अभिनेत्याचं नाव पोस्टरवर येतं, यांचं येत नाही, पण करिअर म्हणाल तर यांचंही आहेच की.

याच गावात एव्हन थिएटरच्या पायऱ्यांवर बसून एक बारा-तेरा वर्षांचा पोरगा गिटार वाजवून टुरिस्टांकडून पैसे जमवायचा. जस्टिन बीबर. त्याची आई त्याचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकायची, पुढचं सगळ्यांना माहितीय. लोक म्हणतात बघा, इंटरनेटमुळे छोट्या गावातला मुलगा कुठे गेला. बरोबर आहे, पण त्या पायऱ्यांवरून रोज नाटकाची गर्दी जात नसती तर त्याने गायलं असतं कोणासमोर? हंसांसमोर?

आता क्यूबेकमध्ये जाऊ. व्हॅलकूर नावाचं गाव, आजही वस्ती दोन-अडीच हजारच्या आसपास. इथे जोसेफ-आर्मां बोम्बार्डिए नावाचा एक मुलगा होता ज्याला घड्याळं नि इंजिनं खोलायचा नाद. पंधराव्या वर्षी, 1922 च्या शेवटच्या दिवशी, त्याने फोर्डचं जुनं इंजिन आणि मागे विमानाचा असतो तसा पंखा लावून बर्फावर पळणारी गाडी भावाबरोबर गावात फिरवली. वडिलांनी तो पंखा बघितला आणि गाडी मोडून टाकायला लावली, कुठल्याही शहाण्या बापाने लावली असती. एकोणिसाव्या वर्षी गावातच गॅरेज टाकलं. उन्हाळ्यात मोटारी दुरुस्त करायच्या, हिवाळ्यात कोणाची मोटार रस्त्यावरच नाही कारण रस्ताच नाही, सगळा बर्फाखाली. मग तो बर्फगाडीच्या मागे लागायचा.

1934 च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. अपेंडिक्सचं दुखणं पोटभर पसरलं. हॉस्पिटल शेरब्रुकला, रस्ते बंद, आणि ज्या गाडीवर तो इतकी वर्षं खपत होता ती चालण्याच्या अवस्थेत नव्हती. मुलगा गेला.

यावर मी काही बोलणार नाही. पुढचं एवढंच, की 1937 मध्ये त्याने दातेरी चाक आणि रबरी पट्ट्याच्या ट्रॅकचं पेटंट घेतलं, सात माणसांची आणि मग बारा माणसांची बर्फगाडी बनवली, आणि त्या गाड्या कोणी घेतल्या तर डॉक्टरांनी, पाद्र्यांनी, टपालवाल्यांनी, शाळांनी. नंतर 1948 मध्ये सरकारने हिवाळ्यात रस्ते साफ ठेवायचा कायदा केला आणि धंदा एकदम बसला, म्हणजे ज्या अडचणीवर कंपनी उभी होती ती अडचणच सरकारने सोडवली. मग हा गडी जंगलातल्या नि खाणीतल्या गाड्यांकडे वळला, आणि 1959 मध्ये एकट्या माणसाने चालवायची छोटी बर्फगाडी (स्नोमोबिल), स्की-डू, काढली. पहिल्या वर्षी 225 गेल्या. बोम्बार्डिए हे नाव पुढे विमानांवर नि मेट्रोच्या डब्यांवर गेलं, दिल्ली मेट्रोच्या कितीतरी डब्यांवर तेच नाव आहे. पण स्की-डू बनवणारी कंपनी बीआरपी, तिचं मुख्यालय आजही व्हॅलकूरलाच आहे.

इथे मला थोडं थांबून एक सांगायचंय कारण पुढची सगळी उदाहरणं त्याच अंगाने जातात. बोम्बार्डिएला बर्फाचा प्रॉब्लेम कोणी मार्केट रिसर्च करून सांगितला नव्हता. तो रोज सकाळी दार उघडलं की समोर. आणि गॅरेजमध्ये काम करणारी पोरं पण तिथलीच, शेतावरची, ज्यांना लोखंड वाकवता येत होतं आणि बर्फात अडकणं म्हणजे काय ते माहीत होतं. छोट्या गावातल्या मोठ्या कामांमागे मला या दोन गोष्टी सारख्या दिसतात, गावाची एखादी जुनी डोकेदुखी आणि गावाच्या हातात आधीच असलेलं कसब. बाहेरून आणलेली आयडिया त्यात मिसळते, नाही असं नाही, शेक्सपिअर काही स्ट्रॅटफर्डच्या मातीतला नव्हता. पण कंत्राटदार होता.

फ्लोरेन्सव्हिलचं तर विचारूच नका. न्यू ब्रन्सविकमध्ये सेंट जॉन नदीच्या काठचं हे गाव, जुन्या हिशेबाने दीड-दोन हजार वस्ती. आजूबाजूला सगळी बटाट्याची शेती. इथल्या मॅकेन कुटुंबाचा बियाण्याच्या बटाट्याचा निर्यातीचा धंदा होता. फ्रोजन फ्राइजची कल्पना एका भावाची, आणि मोठ्या कंपनीतल्या नोकऱ्या सोडून आलेले हॅरिसन आणि वॉलेस हे दोन भाऊ, यांनी 1957 मध्ये नदीकाठी फॅक्टरी काढली. तीस माणसं कामाला, पहिल्या वर्षाची विक्री दीड लाख डॉलरच्या जराशी वर. आज हे गाव स्वतःला जगाची फ्रेंच फ्राय राजधानी म्हणवून घेतं, बटाट्याचं म्युझियम आहे तिथे, आणि त्या भागात बटाटे काढायच्या दिवसात शाळांना सुट्टी द्यायची पद्धत आहे. पुढे दोघा भावांचं वारसदारावरून एवढं वाजलं की कोर्टापर्यंत गेलं, वॉलेस बाहेर पडला आणि मुलांना घेऊन त्याने दुसरीच मोठी फूड कंपनी विकत घेतली. भाऊबंदकी काय फक्त आपल्याकडेच असते का.

आणि आपल्या फ्रीजरमधली ती आलू टिक्की, मुलांचे ते हसऱ्या चेहऱ्याचे स्माइलीज, ते गुजरातेत मेहसाण्याच्या फॅक्टरीतून येतात, कंपनी तीच. तिथल्या शेतकऱ्यांबरोबर करार करून, फ्राइजला लागतो तसा लांबट नि कमी पाण्याचा बटाटा त्यांच्याकडून पिकवून घेतात. मी पुण्यात असताना पाहुणे आले की तेच पाकीट उघडायचे आणि मला वाटायचं की मॅकेन म्हणजे अमेरिकेतली कुठली तरी काचेच्या बिल्डिंगमधली कंपनी असणार.

ब्रिटिश कोलंबियातलं शिमेनस पटकन सांगून टाकते. लाकूड कापायची गिरणी हे एकच पोट, 1983 मध्ये ती बंद झाली, पण त्याच्या आदल्या वर्षापासून गावाने भिंतींवर गावाचाच इतिहास रंगवायला सुरुवात केली होती, आज चाळीसच्या वर म्युरल्स आहेत, लोक बसने येतात, फोटो काढतात, आइस्क्रीम खातात. ठीक आहे. मला हे मॉडेल तितकंसं भावत नाही, कारण टुरिस्ट फोटो काढून गेला की गावात कोणाच्या हातात नवीन कसब येत नाही, पण गिरणी गेल्यावर हात चोळत बसण्यापेक्षा शंभरपट बरं. क्यूबेकमधलं बे-सेंट-पॉल जास्त मजेशीर, तिथल्या उंच काठ्यांवर चालणाऱ्या कलाकारांच्या टोळीतला जिल सेंट-क्रुआ 1980 मध्ये गावापासून क्यूबेक सिटीपर्यंत काठ्यांवर चालत गेला, साधारण नव्वद किलोमीटर, कशासाठी, तर ग्रँटसाठी! त्याच टोळीतून 1984 मध्ये सर्क द्यु सोलेई उभी राहिली. पुढे सर्कस मॉन्ट्रियलला गेली, लास वेगासला गेली, म्हणजे गावात राहिली असं म्हणता येत नाही, म्हणून तिला या यादीत मी अर्धेच मार्क देते.

उलट पूर्ण मार्क ज्यांना द्यायचे ते गाव नकाशात पटकन सापडत पण नाही. किनगाइट, जुनं नाव केप डोर्सेट, अगदी उत्तरेकडच्या नुनावुटमध्ये बॅफिन बेटाच्या खालच्या टोकाजवळ, वस्ती चौदाशेच्या आसपास. रस्ता नाही. विमानाने जायचं. झाड नाही एक. आणि या गावातून 1959 पासून दर वर्षी छापचित्रांचा एक संग्रह निघतो ज्याची जगभरातले संग्राहक वाट बघत असतात.

त्याचं झालं असं, जेम्स ह्यूस्टन नावाचा एक चित्रकार पन्नासच्या दशकात सरकारी कामावर तिथे राहायला होता. तिथले मूळचे इनुइट लोक दगडात आणि वॉलरस या समुद्री प्राण्याच्या सुळ्यांत कोरीवकाम पिढ्यानपिढ्या करतच होते. गोष्ट अशी सांगतात की ओसुइटोक इपीली या कोरीवकाम करणाऱ्याने सिगारेटच्या पाकिटांवरचं खलाशाचं चित्र बघून म्हटलं, की प्रत्येक पाकिटावर तेच डोकं परत परत रंगवत बसायचं म्हणजे काय कंटाळवाणं काम. ह्यूस्टनने मग त्याच्याच कोरीव सुळ्यावर शाई लावून कागदावर छाप उठवून दाखवला. आपण हे करू शकतो, म्हणाला ओसुइटोक. छापणं नीट शिकायला ह्यूस्टन 1958 मध्ये जपानला गेला, परत आला, आणि गावाची सहकारी संस्था रजिस्टर झाली.

पद्धत बघण्यासारखी आहे. चित्र एक जण काढतो किंवा काढते. मग दुसरा माणूस ते सपाट घासलेल्या दगडावर उतरवतो आणि नको तो भाग कोरून काढतो, छाप घेणारा शाई लावून त्यावर पातळ जपानी कागद ठेवून हाताने घासतो. पन्नास प्रती झाल्या की संपलं. जो बाप्या काल सीलच्या शिकारीला गेलेला तोच आज दगड कोरतोय. केनोजुआक अशेवाक ही यांच्यातली सगळ्यात नावाजलेली, 1927 चा जन्म, तंबू नि इग्लूत वाढलेली. क्षयामुळे तिला तीनेक वर्षं क्यूबेकच्या हॉस्पिटलमध्ये घरापासून लांब काढावी लागली. तिचं सगळ्यात पहिलं छापचित्र कशावरून आलं माहितीय? तिने स्वतः शिवलेल्या सीलच्या कातड्याच्या पिशवीवर एक ससा समुद्री गवत खाताना दाखवला होता, त्यावरून. म्हणजे शिवणकाम आधी होतंच, कागद नंतर आला. 1960 मध्ये तिने काढलेलं पिसारा फुललेलं घुबड तर 1970 मध्ये कॅनडाच्या सहा सेंटच्या टपाल तिकिटावर आलं. आपल्याकडे घुबडाचं चित्र दिवाणखान्यात लावलं असतं तर आजीने पहिलं मला आणि मग चित्राला बाहेर काढलं असतं, तिकडे ते अर्ध्या देशाच्या भिंतींवर आहे.

आणि पैशाची बाजू, जी बहुतेक लेखांत येत नाही. संस्था गावकऱ्यांच्या मालकीची. तिने दुकान चालवलं, इंधन विकलं, टोरोंटोत 1978 पासून स्वतःचं विक्रीचं ऑफिस ठेवलं, म्हणजे दलालाच्या हातात सगळं दिलं नाही. चित्र काढलं की संस्था विकत घेते, छापायला निवडलं जावो न जावो, रोख पैसे. हिवाळ्यात बंदुकीच्या गोळ्या नि स्नोमोबिलचं पेट्रोल त्या पैशातून येतं. (स्नोमोबिल म्हटलं की परत व्हॅलकूर आलंच.)

तरी किनगाइटचं नुसतं कौतुक करून पुढे जाणं मला जमत नाही. घरं अपुरी, एकेका घरात तीन तीन पिढ्या, भाजीचे भाव बघून डोळे पांढरे होतात. अ‍ॅनी पूटूगूक, याच गावची, फ्रीज, टीव्ही, दारू, मारहाण असं रोजचं आयुष्य रंगीत पेन्सिलीने काढणारी. 2006 मध्ये तिला देशातला मोठा सोबी पुरस्कार मिळाला, पन्नास हजार डॉलरचा, नंतर ती ऑटवात राहायला गेली आणि तिथे तिचे फार हाल झाले, 2016 मध्ये गेली. गाव सुटलं म्हणून असं झालं असं कोणी म्हणत असेल तर म्हणो, मी म्हणणार नाही, इतकं सरळ नसतं काही.

फोगो बेट मी स्वतः बघून आलेय म्हणून त्याबद्दल जास्त बोलणार, आधीच सांगते. न्यूफाउंडलंडच्या उत्तरेला, गँडरहून गाडीने फेअरवेल नावाच्या धक्क्यावर जायचं, तिथून फेरी. वारं जास्त असेल तर फेरी नाही. किती वेळ नाही? ते वाऱ्याला विचारा. रांगेत आमच्या पुढच्या ट्रकमधले काका सीट मागे करून चक्क झोपले होते, त्यांना काही घाई नव्हती, घाई फक्त आम्हाला, ओंटारियोवाल्यांना.

बेटावर दोन-सव्वादोन हजार लोक, दहाएक वस्त्या. तीनशेच्या वर वर्षं इथे एकच धंदा, कॉड मासा. साठच्या दशकात सरकार अशा विखुरलेल्या वस्त्यांना पैसे देऊन मोठ्या गावांत हलवत होतं. फोगोच्या लोकांना जायचं नव्हतं. तेव्हा 1967 मध्ये मेमोरियल युनिव्हर्सिटी आणि नॅशनल फिल्म बोर्डाने तिथे छोट्या छोट्या फिल्म्स केल्या, लोकांना नुसतं बोलू दिलं, आणि मग त्या फिल्म्स एका वस्तीच्या दुसऱ्या वस्तीला दाखवल्या. कारण दहा वस्त्या आपापसात धड बोलत पण नव्हत्या, चर्च वेगळं, भांडणं जुनी. समोरच्यांचं पण आपल्यासारखंच रडगाणं आहे हे पडद्यावर बघितल्यावर कळलं. त्यातून मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहिली, मोठ्या बोटी बांधल्या, प्रोसेसिंग स्वतः हातात घेतलं. ती संस्था आजही आहे. 1992 मध्ये कॉडची मासेमारी सरकारने बंद केली, न्यूफाउंडलंडमध्ये तीस हजारांहून जास्त लोकांचं काम एका दिवसात गेलं, तेव्हाही ही संस्था खेकडे आणि कोळंबीवर तगली. आपल्याकडे सहकार म्हटलं की लोक आधी नाक मुरडतात नि मग साखर कारखान्याचे किस्से सांगतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

याच बेटावरच्या एका मच्छीमाराची मुलगी झीटा कॉब. बाहेर पडली, बिझनेस शिकली, ऑटवातल्या फायबर ऑप्टिक्सच्या कंपनीत मोठ्या पदावर गेली, टेक बूममध्ये भरपूर पैसा झाला आणि चाळिशीतच नोकरी सोडली. बेटावर परत येऊन तिने आधी केलं काय, तर मुलांना शिकायला स्कॉलरशिप. त्यावर गावातलीच एक बाई तिला म्हणाली, की म्हणजे तू आमच्या पोरांना गाव सोडायचे पैसे देतेयस, ती इथे राहून काय करतील ते बघ ना काहीतरी. हा किस्सा झीटा स्वतःच सांगते. मला ती बाई कोण होती ते जाणून घ्यायला आवडेल, कारण पुढची सगळी गोष्ट खरं तर तिने फिरवली.

मग झीटा आणि तिच्या भावांनी शोरफास्ट नावाची संस्था काढली, बेटावर कलाकारांसाठी स्टुडिओ बांधले, आणि 2013 मध्ये फोगो आयलंड इन हे हॉटेल उघडलं. 29 खोल्या, खडकावर खांबांवर उभं, माशांची जुनी शेड असते तसं. रात्रीचं भाडं दोन हजार डॉलरच्या वर. नाही, आम्ही तिथे राहिलो नाही! आम्ही एका आजींच्या घरी राहिलो, त्यांनी सकाळी बेकअ‍ॅपलचा जॅम वाढला, ती पिवळी बेरी तिथल्या दलदलीत होते, आंबटगोड, बिया दातात अडकतात. त्या आजींची पुतणी इनमध्ये कामाला, आणि आजी स्वतः हिवाळ्यात गोधड्या शिवून देतात. इनमधल्या प्रत्येक पलंगावर बेटावरच्या बायकांनी हाताने शिवलेली गोधडी असते. मी त्यांची एक अर्धी झालेली गोधडी हातात घेऊन बघितली, जुने शर्ट, पडद्याचं कापड, बारीक पट्ट्या एका कागदावर तिरप्या लावून शिवत जायच्या आणि मग कागद फाडून टाकायचा. म्हटलं आमच्याकडे पण असंच, आम्ही मधे जुनी साडी घालतो. तर म्हणाल्या, साडी किती लांब असते? सांगितलं. बराच वेळ हिशेब करत होत्या मनाशी की एका साडीत किती होईल.

बेटावरच्या 'जो बॅट्स आर्म' नावाच्या वस्तीत शोरफास्टच्या फर्निचर वर्कशॉपचं दुकान आहे. पंट म्हणजे तिथली छोटी लाकडी होडी, तिच्या बांधणीवरून बेतलेली खुर्ची तिथे बघितली. डिझायनर बाहेरून आले, पण बेटावर येऊन राहिले, होड्या बांधणाऱ्यांबरोबर बसले, आणि खुर्ची त्या सुतारांनी केली. आता कोणी म्हणेल एवढी महाग खुर्ची घेणार कोण, आम्ही पण किंमत बघून परत ठेवली. पण कॉड गेल्यावर ज्या सुताराच्या हाताला काहीच काम उरलं नसतं त्याला आहे. हॉटेलच्या बिलाबरोबर एक लेबल असतं, बिस्किटाच्या पुड्यावर कॅलरी लिहितात तसं, की तुमच्या पैशातला किती टक्के मजुरीला गेला, किती मालाला, आणि त्यातलं किती बेटावरच राहिलं. उरलेला नफा संस्थेकडे, म्हणजे परत बेटावर. हे लेबल मला फार आवडलं. आपल्या कोकणातल्या रिसॉर्टांनी असं एक लेबल लावून दाखवावं एकदा.

सगळं गोडगोड आहे का तिथे? नाही. काही लोकांना श्रीमंत पाहुण्यांचा कंटाळा आलाय. काम बरंचसं सीझनल. झीटाचा स्वतःचा प्रचंड पैसा यात गेला, आणि प्रत्येक गावाला अशी लेक मिळत नाही, हे तर उघडच आहे. शिवाय एखादं छोटं गाव नावाला आलं की टोरोंटोचे लोक तिथे दुसरं घर घ्यायला धावतात, ओंटारियोतल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीत वाइनरी वाढल्या, छान रेस्टॉरंट आली, आणि त्यांतच काम करणाऱ्या वेटरला गावात भाड्याची खोली परवडेना.

आता आपल्या लोकांचं. अलीकडे मराठी माणसं पण अशा ठिकाणी पोचायला लागलीत, हौसेने कमी, पीआरसाठी (म्हणजे कॅनडात कायम राहायच्या परवान्यासाठी) जास्त. 2019 मध्ये सरकारने लहान गावांसाठी एक वेगळी इमिग्रेशन योजना काढली, टिमिन्स, थंडर बे, मूस जॉ, क्लेअर्सहोम अशी अकरा ठिकाणं होती त्यात. अटलांटिक प्रांतांची योजना त्याच्याही आधीची, 2017 ची, 2022 पासून ती कायमची झाली. पीआर हातात पडली की निम्मे लोक टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टनला पळतात असं सगळेच म्हणतात. माझी एक मैत्रीण नाही पळाली.

ती पुण्याची, तिकडे एका कंपनीत अकाउंट्समध्ये होती. नवऱ्याला न्यू ब्रन्सविकच्या एका छोट्या गावात फूड प्लांटमध्ये मेंटेनन्सची नोकरी लागली म्हणून गेले. पहिला हिवाळा तिने रडून काढला, मला रोज फोन. दुसऱ्या वर्षी एकदा फोनवर मागे कागदांचा सळसळाट.

"काय करतेयस गं?"

"अगं शेजारचे आजोबा बुटाचं खोकं घेऊन आलेत. बटाटेवाले. वर्षभराच्या पावत्या कोंबल्यात आत. त्यांचा अकाउंटंट रिटायर झाला आणि दुसरा थेट फ्रेडरिक्टनला."

"मग तू काय करणार?"

"म्हटलं ठेवा. बघते."

तिने बघितलं तर काय, शेतमाल विकताना एचएसटी (आपल्याकडच्या जीएसटीसारखा कर) शून्य दराने लागतो, पण डिझेल, दुरुस्ती, फोन, पत्रे यांवर आजोबांनी भरलेला 15 टक्के परत मागता येतो, आणि आजोबांनी तो कित्येक महिने मागितलाच नव्हता. रिफंडचा चेक आला तसं आजोबांनी चर्चमध्ये सांगितलं. छोट्या गावात यापेक्षा मोठी जाहिरात नसते. मग खोकी यायला लागली. तिने एक कोर्स केला, रेव्हेन्यू एजन्सीकडे ई-फाइलचं रजिस्ट्रेशन केलं, आणि आता मेन स्ट्रीटवर केस कापायच्या दुकानाशेजारी एक खोली भाड्याने घेतलीय. गिऱ्हाइकं सगळी शेतकरी, एक लाकूडवाला, दोन मेपल सिरपवाले. पुण्यात असते तर मी अजून कोणाच्या तरी हाताखाली व्हाउचर तपासत असते, म्हणते.

तिने मला सक्त सांगून ठेवलंय की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हवे तेवढे फोन कर, तेव्हा सगळे शेतात असतात, नोव्हेंबर उजाडला की करू नको, सगळी खोकी एकदम येतात आणि अर्ध्या पावत्यांना मातीच लागलेली असते. सध्या ती पार्ट-टाइम मदतीला कोणीतरी शोधतेय, फ्रेंच येणारी हवी, कारण नदीच्या वरच्या अंगाचे शेतकरी फ्रेंच बोलणारे. अजून मिळालेली नाही.